पिपिनचं कौतुक चित्रांसाठी की खांद्यासाठी?

झेंडूबाम: काल इथे कुणी अमेरिकन चित्रकार हॉरेस पिपिनची चित्रं टाकली आणि खाली "युद्धात हात गेला तरी जिद्द बघा, सलाम!" यांचा नुसता पाऊस. जिद्द बाजूला ठेवा हो. पर्स्पेक्टिव्हचा, म्हणजे जवळ-लांबच्या अंदाजाचा, पत्ता नाही, माणसं पुठ्ठ्याची. काळा, गरीब, जखमी, म्हणून कुणी बोलत नाही इतकंच.

वाईकर_स: सलामवाल्यांचा वैताग मलाही आहे. पण हात गेला नव्हता. 1918 साली फ्रान्समध्ये उजव्या खांद्यात गोळी लागली, हात वर उचलेना. आधी तापलेल्या सळईने फळीवर रेषा जाळायचा, नंतर उजवं मनगट डाव्या हाताने पेलून तैलरंग. महायुद्धाच्या शेवटावरचं चित्र सुमारे तीन वर्षं चाललं होतं, रंगाचे थरावर थर. चौकटीवर हातबॉम्ब, हेल्मेट, रणगाडे लाकडात कोरून बसवलेत. नाव 'युद्धाचा शेवट', आणि बघणाऱ्याची सुटका चौकटीतही नाही. 1942 चं, गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या जॉन ब्राउनला फाशीला नेतानाचं चित्र बघा. सगळी गर्दी जमलीय आणि उजव्या कोपऱ्यातली एकटी काळी बाई त्या सगळ्याकडे पाठ करून उभी. ती बाई आपोआप आली काय?

मनीमाऊ: पर्स्पेक्टिव्हचं नावच काढू नका! शाळेत एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला माझा माठ जरा कलला म्हणून सी ग्रेड. शेजारणीचा माठ सरळ, कारण तो सरांनी काढून दिला होता.

तात्या_निवृत्त: आमच्या मुलीने दहावीच्या वाढीव गुणांसाठी एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या. क्लासमध्ये दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी, एवढंच घोटून घेतलं. ए ग्रेड आली. तेव्हापासून पोरीने ब्रश धरलेला नाही.

झेंडूबाम: क्लासवाल्यांना झोडपणं सोपं असतं. पालकच दारात येऊन "ग्रेडचं तेवढं बघा" म्हणतात, तेव्हा आम्ही काय करायचं?

तात्या_निवृत्त: आम्ही! चोराच्या मनात चांदणं.

झेंडूबाम: तोंड सांभाळून. वीस-वीस पोरांचे माठ तपासून बघा एकदा.

वाईकर_स: माठ फोडा तो! 1943 चं डॉमिनो खेळणाऱ्यांचं चित्र उघडा. स्वयंपाकघर, भिंतीचा गिलावा निघालेला, बाजूला एक बाई गोधडी शिवतेय. सोंगट्यांवरचे ठिपके आणि टेबलाशी बसलेल्या बाईच्या ब्लाउजवरचे ठिपके एकमेकांशी बोलतात. हे न शिकता जमलं, की शिकवलं असतं तर गेलं असतं?

झेंडूबाम: ठिपके दिले तुम्हाला, घ्या. गिलावाही घ्या. पण 1938 ला न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमने त्याची चार चित्रं लावली ती 'लोकांतले चित्रकार' म्हणून, वेगळ्या पंगतीत. तुमचे सलामवाले तेच करतायत.

वाईकर_स: मग पंगत मांडणाऱ्यांना बोला ना, जेवणाला का नावं ठेवता?

झेंडूबाम: बोलतोच आहे. जॉन ब्राउनची ती बाई मात्र... बरं, चांगली आहे. माणसं अजूनही पुठ्ठ्याचीच.

मनीमाऊ: तात्या, त्या ए ग्रेडवाल्या क्लासचा पत्ता खाजगी निरोपात पाठवा ना. भाचा नववीत आहे.