ऑपेरा गायिकेनं नावाजलेला पियानो: त्या शिफारशीला किती भाव द्यावा?

मंद्रसप्तक (प्रश्न)

जुना उभा पियानो घ्यायचा विचार आहे. मी सोप्रानो (बायकांचा उंच पट्टीचा आवाज), दोन वर्षं गाणं शिकतेय. आजवर इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर भागवलं, आता खऱ्या तारा हव्यात.

एक पियानो बघायला गेले. विकणाऱ्या गृहस्थांनी वाद्याला हात लावू देण्याआधी बाकाचं झाकण उघडून एक पिवळं पडलेलं कात्रण काढलं. शंभरेक वर्षांपूर्वीची जाहिरात. एका नामांकित ऑपेरा गायिकेचा फोटो, खाली लपेटदार सही, आणि मजकुराचा आशय असा की गळ्याला इतकी सुंदर साथ दुसरा कुठलाच पियानो देत नाही. (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.) खोटं कशाला बोलू, मी विरघळले.

घरी आल्यावर मात्र शंका आली. पियानिस्टनं शिफारस केली तर समजू शकते. ऑपेरात तर गाणारीच्या साथीला ऑर्केस्ट्रा असतो! मग तिच्या मताला अर्थ काय?

खुंटीपिळ्या

ताई, तेवीस वर्षं पियानो ट्यून करतोय. अशी कात्रणं बरीच पाहिली. बहुतेक वेळा पियानोपेक्षा कात्रणच जास्त जपलेलं असतं.

या शिफारशी कशा मिळायच्या, त्याचा एक किस्सा. कर्नल मेपलसन म्हणून ऑपेराचे ठेकेदार होते. इटालियन ऑपेराची मंडळी घेऊन अमेरिकाभर फिरायचे. त्यांच्या 1888 च्या आठवणींत हे आहे. स्टाइनवे या पियानो कंपनीनं मंडळींतल्या कलाकारांना फुकट पियानो पुरवले, कलाकारांनी वाहवा केली. मग फिलाडेल्फियाच्या हॉटेलात वेबर कंपनीची माणसं आपले पियानो घेऊन हजर. दोन्हीकडच्या हमालांची जुंपली आणि पियानोचे पाय काढून त्यांनीच हाणामारी झाली. जिंकले वेबरवाले. रात्री शॅम्पेनसह जेवण झालं आणि त्याच मंडळींनी वेबरच सर्वश्रेष्ठ असं लिहून दिलं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी! ठेकेदार माणूस, पदरचं तिखटमीठ लावलं असेलच. तरी हा धंदा साधारण असाच चालायचा.

गायकांनाच कशाला नावं ठेवायची? पियानोचा बादशहा फ्रांझ लिस्ट, पण त्यानंही एकाच कंपनीला नाही, बेखस्टाइनला चांगलं म्हटलं, बोझेनडॉर्फरला म्हटलं, चिकरिंगला म्हटलं, स्टाइनवेलाही म्हटलं. प्रसिद्ध ऑपेरा गायक कारुसोचं नाव हार्डमन पियानोच्या जाहिरातीत झळकायचं. 1926 पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा 'अधिकृत पियानो' क्नाबे कंपनीचा होता, म्हणजे तिथल्या गायकांची नावं जाहिरातीला आयतीच.

आणि समजा बाई मनापासून बोलल्या. त्या बोलल्या तो पियानो तेव्हा नवा होता. तुमच्यासमोरचा शंभर वर्षं तारांचा ताण सोसतोय. सव्वादोनशेच्या आसपास तारा, एकूण ताण 18 ते 20 टन. खुंट्या ज्या लाकडात ठोकलेल्या असतात त्या पिनब्लॉकला चीर गेली असेल तर आज सुरात लावलेला पियानो चार दिवसांत उतरतो. ते बघायला ट्यूनरला बरोबर न्या.

साथीला_बसणारी

खुंटीपिळ्या, तुमचं बरंचसं पटतं. पण गायकांना पियानोतलं काय कळतं, हा सूर पटला नाही.

मी ऑपेराच्या तालमींना पियानो वाजवते. ऑर्केस्ट्रा येतो अगदी शेवटी. तोवर कित्येक आठवडे गायकाच्या कानाशी फक्त पियानो. तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांवरचा लोकरीचा फेल्ट दाबून कडक झाला असेल तर प्रत्येक स्वर टोचतो, आणि गाणारी नकळत आवाज ढकलायला लागते. पियानोचा स्वर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो, तर गळ्यातला स्वर फुलत जातो. वरच्या पट्टीतली आस (वाजल्यावर मागे रेंगाळणारा नाद) जितकी टिकेल तितकी लांब ओळ गाणं सोपं. हे मला खुर्चीवरून कळत नाही, उभं राहून गाणाऱ्यालाच कळतं. तेव्हा त्या बाईंच्या सहीला पैसे मिळाले असतीलही, पण कान त्यांचे होते.

मंद्रसप्तक, एक ताकीद. जुने पियानो तारा तुटायच्या भीतीनं खाली लावून ठेवतात. त्यावर रियाज केलात तर घरी सहज लागणारा वरचा सी तालमीत अचानक उंच वाटेल. 440 चा ट्यूनिंग फोर्क (ठोकला की सेकंदाला 440 कंपनांचा, आजचा प्रमाण ए स्वर देणारा चिमटा) घेऊन जा.

मंद्रसप्तक

आज फोर्क घेऊन गेले. फोर्कचा ए वाजवला आणि पियानोवर शोधायला लागले, तर तो सापडला बी-फ्लॅटवर, म्हणजे ए च्या लगतच्या वरच्या पट्टीवर! वरच्या सप्तकातल्या दोन पट्ट्या नुसत्या टक टक वाजतात. आस छान आहे मात्र, मधल्या सप्तकात गायला खरंच मजा आली.

गृहस्थांचं उत्तर: "त्या काळी सूर खालीच असायचा, बाईंना तसाच आवडायचा."

खुंटीपिळ्या

ताई, 1859 मध्ये फ्रान्सनं कायद्यानं ए चा सूर ठरवला तो 435. म्हणजे आजच्यापेक्षा अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्शाइतका खाली. तुमचा अख्खा अर्धा स्वर उतरलाय. एका दमात चढवला तर गंजक्या तारा तुटतील, दोनतीन टप्प्यांत चढवावा लागेल, आणि तेही पिनब्लॉक शाबूत असला तरच. खुंट्यांपाशी लोखंडी चौकटीवर नंबर असतो, त्यावरून वय कळतं. तो टिपून आणलात का?