पहिल्या ट्रायथलॉनसाठी वेटसूट: भाड्याने, सेकंडहँड की नवा? (यूके, बजेट कमी) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वेटसूट (गार पाण्यात पोहायचा रबरी सूट) घेण्याबद्दल मदत हवीये आणि जरा लवकर हवीये. मी इंग्लंडमधे रेडिंगला राहते, येत्या जूनमधे डॉर्नी लेकला माझी पहिली ट्रायथलॉन आहे. स्प्रिंट आहे, म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल आणि मग ५ किमी पळणं. ऑफिसला रोज सायकलनेच जाते त्यामुळे तिची चिंता नाही, पळणं हळूहळू का होईना जमतं. पोहायला मी लहानपणी मिरजेजवळ आमच्या गावच्या विहिरीत शिकले, पाण्याची भीती अजिबात नाही, पण फ्रीस्टाइल इथे आल्यावर पूलमधे क्लास लावून शिकले आणि दमले की अजूनही आपोआप ब्रेस्टस्ट्रोकवर येते. पूलचं पाणी २८-२९ अंशांचं असतं, लेकचं जूनच्या सुरुवातीला १६-१७ असेल असं तिथे पोहणारे सांगतात, आणि सराव मे मधेच सुरू करायचाय तेव्हा त्याहूनही गार.

नियम वाचलेत. ब्रिटिश ट्रायथलॉनच्या नियमांनी एवढ्या अंतराला पाणी १४ अंशांच्या खाली असेल तर वेटसूट सक्तीचा, २२ च्या वर असेल तर बंदी आणि मधे ज्याची त्याची मर्जी. म्हणजे कदाचित न घालताही उतरता येईल पण मला ते करायचं नाहीये, पहिल्यांदाच उघड्या पाण्यात शर्यत आणि आजूबाजूला एवढी माणसं, तिथे थंडीशी पण झगडत बसायची माझी इच्छा नाही.

बजेट १२० पौंड, फार ताणलं तर १५०. एन्ट्री फी आणि ट्रायसूट (पोहणं, सायकल, पळणं तिन्हीला अंगावर राहणारा कपडा) धरून आधीच बराच खर्च झालाय आणि हे प्रकरण पुढच्या वर्षी चालू राहील का ते मला शर्यत झाल्यावरच कळेल.

आता माझ्यासमोर जे पर्याय आहेत ते असे, की एका ठिकाणी पूर्ण सीझनसाठी भाड्याने ५५ पौंडात मिळतोय, सप्टेंबर संपताना परत द्यायचा किंवा उरलेले पैसे भरून ठेवून घ्यायचा, दुसरं म्हणजे विंटेड आणि ईबेवर ६० ते ९० मधे वापरलेले दिसतात पण फोटोवरून काय कळणार, आणि तिसरं म्हणजे नवा, पण ट्रायथलॉनचे चांगल्या ब्रँडचे सुरुवातीचे सूटसुद्धा सेल नसेल तर माझ्या बजेटच्या वर जातात. सर्फिंगचे मात्र सुपरमार्केटमधे उन्हाळ्यात खूप स्वस्त येतात. त्यातला एक घेतला तर काय बिघडेल?

आणि खरी अडचण साइझची आहे. माझी उंची ५ फूट १ इंच, वजन ६६ किलो, कंबर-मांड्या आपल्याकडच्या बायकांसारख्या भरलेल्या. हे साइझ चार्ट बघितले की माझ्या वजनाची बाई त्यांच्या हिशोबाने ५ फूट ६ इंच तरी असायला हवी आणि माझ्या उंचीची बाई ५० किलोची. दोन्ही रकाने एका ओळीत येतच नाहीत. अशा वेळी उंची बघून घ्यायचा का वजन बघून? कुणी माझ्यासारख्या बांध्याच्या बाईने घेतला असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद:

भाड्याने घ्या ताई, डोळे मिटून. मी मिल्टन कीन्सला असतो, पहिल्या वर्षी मी तेच केलं. सीझनच्या भाड्यात सरावाचे सगळे महिने येतात आणि बहुतेक ठिकाणी साइझ चुकली तर बदलून देतात, तुमच्या केसमधे तीच गोष्ट सगळ्यात मोलाची आहे. फक्त आत्ताच बुक करा, मे उजाडला की मधल्या साइझ संपतात. आणि अटी नीट वाचा, नखाने गेलेली छोटी चीर चालते का, पेट्रोलियम जेली लावलेली चालते का (बहुधा नाही चालत, निओप्रीन, म्हणजे सूटचं रबर, खराब होतं म्हणतात, पाण्याने धुतलं जाणारं ल्युब्रिकंट मिळतं ते घ्या). भाड्याने दिलेले सूट हीच मंडळी सीझन संपला की स्वस्तात विकतात, म्हणजे हा खेळ आवडला तर ऑक्टोबरच्या सुमाराला नजर ठेवा, वसंतात त्यातलं फार काही शिल्लक नसतं.

प्रतिसाद:

सर्फिंगच्या सूटबद्दल लिहितो, कारण तो प्रश्न दरवेळी येतो आणि लोक नुसतं "नको" म्हणून सोडून देतात.

सर्फिंगचा सूट बोर्डवर घासला जाणार हे धरून बनवतात. बाहेरून नायलॉनचं कापड असतं, टिकाऊ असतं पण पाण्यात ते ओढ धरतं. खांद्याला निओप्रीन जाड असतं कारण सर्फर बराच वेळ बोर्डवर बसून किंवा पडून असतो, तुमच्यासारखा सलग शेकडो वेळा हात डोक्यावरून फिरवत नाही. ट्रायथलॉनच्या सूटला बाहेरून गुळगुळीत निओप्रीन असतं आणि त्यावर पाणी सरकवणारं कोटिंग, खांद्याला दीड-दोन मिलिमीटर आणि छाती-मांड्यांना तीन ते पाच. पाचच्या वर नियमच जाऊ देत नाही. मांड्यांच्या त्या जाड पट्ट्यांनी पाय वर उचलले जातात, आपल्याकडे विहिरीत शिकताना कमरेला भोपळा बांधतात ना तसंच काम, फक्त अंगभर.

म्हणजे सर्फिंगचा सूट घालून ७५० मीटर होणारच नाही असं नाही, होतं, नियमात पण बसतो. पण शेवटच्या दोनशे मीटरला खांदे भरून येतात आणि तुम्ही म्हणताय की दमल्यावर स्ट्रोक बदलतो, मग तिथेच पैसे वाचवू नका. बिनबाह्यांचा ट्रायथलॉन सूट हा मधला मार्ग आहे, स्वस्त असतो आणि खांदे मोकळे राहतात, पण काखेतून पाणी आत येतं. १८-१९ अंशांना मी तोच घालतो. मे महिन्यातल्या सरावाला तुम्हाला पूर्ण बाह्यांचाच बरा.

प्रतिसाद:

थोडं अवांतर होईल, पण मी पुण्याहून विचारतोय, गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ (लांब पल्ल्याची ट्रायथलॉन) साठी वेटसूट लागेल का? तिथे १.९ किमी पोहायचं आहे.

प्रतिसाद:

नाही हो, गोव्याला अजिबात नको. मिरामारच्या समुद्रात तुम्ही उकडून निघाल. आयर्नमॅनच्या नियमात २४.५ अंशांपर्यंतच वेटसूट घालून बक्षिसासाठी पात्र राहता येतं, गोव्याचं पाणी त्याच्या खूप वर असतं. मालवणला चिवला बीचवर पोहता तसंच समजा, ट्रायसूट आणि चांगला गॉगल पुरे. युरोपातली एखादी शर्यत घेतलीत तर मग हा धागा परत वाचा.

प्रतिसाद:

अगं, तुझा साइझचा परिच्छेद वाचला आणि माझ्याबद्दलच लिहिलंय असं वाटलं. माझी उंची ५ फूट, वजन तुझ्यापेक्षा थोडं जास्तच. म्हणून सविस्तर लिहिते.

वजन आणि छाती-कंबरेची मापं बघून घे, उंचीकडे नंतर बघ. कारण सूट लांब झाला तर त्यावर उपाय आहे, छातीत किंवा मांडीत होत नसेल तर त्यावर उपाय नाही. पाय लांब होत असतील तर पोटरीच्या खालचा भाग कापता येतो, बऱ्याच ब्रँडना ते चालतं, फक्त कापण्याआधी त्यांच्या वॉरंटीत तसं लिहिलंय का ते बघ (भाड्याचा असेल तर अर्थातच कापायचा नाही, तो घोट्यावर थोडा गोळा झाला तरी बिघडत नाही). धारदार कात्रीने एका वळणात कापायचा, निओप्रीनचे धागे सुटत नाहीत. आणि पाय थोडे आखूड असले की ट्रान्झिशनमधे (पोहून आल्यावर सायकलवर बसायच्या आधी) टाचेतून पटकन निघतो, त्यामुळे उंच लोकही मुद्दाम कापतात.

पण धड लांब असेल तर मात्र घेऊ नकोस, आपल्या उंचीला खरा घोटाळा तिथे होतो. कमरेच्या मागे, पाठीच्या खोलगट भागात सूट सुटून राहतो आणि तिथे पाणी साठतं. चांगल्या बसलेल्या सूटमधेही पाण्याचा पातळ थर जातोच, तो अंगाच्या उबेने कोमट होतो आणि निओप्रीनमधले हवेचे बारीक बुडबुडे ती उब धरून ठेवतात. सूट सैल असेल तर ते पाणी सारखं बदलत राहतं, म्हणजे तू दर मिनिटाला नवीन गार पाणी तापवत बसणार.

घालून बघताना घाई करू नकोस, पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं लागतातच. नखं कापून जा, अंगठ्या काढ, बोटांच्या पेरांनी थोडा थोडा वर सरकव. पायाला प्लॅस्टिकची पिशवी घातली की सरकन जातो. आधी घोट्यापासून वर ओढत जांघेपर्यंत पूर्ण आण, तिथे जागा राहिली की खांदे खाली ओढले जातात आणि मग वाटतं सूट लहान आहे. दहातल्या नऊ वेळा सूट लहान नसतो, खालून नीट चढवलेला नसतो. नंतर हात वर कर, फिरव, काखेत घडी पडतेय का बघ. जमिनीवर तो घट्ट वाटणार, छाती आवळल्यासारखी वाटणार, ते ठीक आहे, पाण्यात गेल्यावर सैलावतो. पण उभं राहून पूर्ण श्वास घेता येत नसेल तर ती साइझ तुझी नाही.

दुकानात जायला संकोच वाटत असेल तर सांगते, मलाही वाटला होता, पण तिथली मुलगी रोज सगळ्या बांध्याच्या लोकांना सूट चढवून देते, तिने माझी चेन मागून लावून दिली आणि दोन साइझ बदलून आणल्या. ऑनलाइन मागवून घरी एकटीने चढवण्यापेक्षा ते फार सोपं गेलं.

प्रतिसाद:

सेकंडहँडबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. मी दोन्ही सूट वापरलेलेच घेतलेत. विकणाऱ्याकडून उन्हात काढलेले फोटो मागवा: काखा, जांघ, चेनच्या खालचं टोक, गळा. ताण पडणाऱ्या जागा याच. नखाने पडलेल्या अर्धचंद्रासारख्या छोट्या खुणा असतील तर घाबरू नका, त्या निओप्रीनच्या काळ्या गोंदाने घरी भरता येतात. पण शिवण आतल्या बाजूने उसवलेली असेल किंवा ताणल्यावर बारीक भेगा दिसत असतील तर सोडा, असं निओप्रीन सुकलेलं असतं. किती सालचा आहे आणि कुठे ठेवला होता ते विचारा. अनेक वर्षं माळ्यावर घडी करून ठेवलेल्या सूटपेक्षा दोन सीझन नियमित वापरलेला केव्हाही चांगला. शक्यतो जवळपासचा बघा, म्हणजे घालून बघता येईल. तुमच्या मापाला न बघता घेणं मला तरी धोक्याचं वाटतं.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. धड आणि पाय वेगळे बघायचे हे तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मी नुसती एकूण उंची धरून बसले होते.

भाड्याचाच घ्यायचं ठरवतेय. त्यांचं दुकान इथून तासाभरावर आहे, शनिवारी जाऊन घालून बघते, वजनाच्या रकान्यातली साइझ आधी आणि मग एक लहान. बजेटमधले जे पैसे उरतील ते लेकवरच्या सरावाला आणि मागे बांधायच्या टो फ्लोटला (तरंगणारी रंगीत पिशवी).

एक प्रश्न राहिलाच. ब्रेस्टस्ट्रोक. वेटसूटमधे पाय वर उचलले जातात म्हणताय, मग ब्रेस्टस्ट्रोकची किक पाण्याबाहेर जाणार नाही का? मी किमान शंभरेक मीटर तरी त्यावर येणारच, शिवाय बोया (रस्ता दाखवणारा तरंगता फुगा) कुठे आहे ते बघायला मला तोच सोपा पडतो.

प्रतिसाद:

हो, जाते, बरोबर ओळखलंत. पहिल्या वेळी टाचा हवेत येतात आणि कंबर दुखते. म्हणून दुकानात विचारताना स्पष्ट सांगा की मधे मधे ब्रेस्टस्ट्रोक करणार. सगळे सूट सारखं उचलत नाहीत. हूब सारखे ब्रँड तर आकड्यातच सांगतात, ३:५ म्हणजे वर ३ आणि खाली ५ मिलिमीटर, पाय बुडणाऱ्या लोकांसाठी, आणि ४:४ म्हणजे वर-खाली सारखं. तुम्हाला ४:४ सारखा किंवा पायाला पातळ असा बघावा लागेल. ऑर्काचा तर ब्रेस्टस्ट्रोकसाठी म्हणून वेगळा सूट आहे, पण भाड्याने देणाऱ्यांकडे तो असेलच असं नाही. तसा मिळाला नाही तरी अडू नका, किक थोडी अरुंद आणि खोल मारायची, दोन-तीन सरावात बसते. दमल्यावर सरळ पाठीवर वळलात तरी चालतं, सूट तुम्हाला आरामात तरंगत ठेवतो.

आणि लेकवर पहिल्या दिवशी एकदम पोहायला लागू नका. गार पाणी छातीला लागलं की धाप लागते, श्वास ताब्यात राहत नाही, हे कितीही पट्टीच्या पोहणाऱ्याला होतं आणि साधारण दीड मिनिटात ओसरतं. तोवर काठाजवळ नुसतं तरंगा, तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढा, गळ्याशी सूट थोडा ओढून आत पाणी घ्या म्हणजे तो अंगाला नीट बसतो. मग सुरू करा. मानेला मागच्या बाजूने ल्युब्रिकंट भरपूर लावा, सगळ्यात जास्त तिथेच सोलवटतं. आल्यावर साध्या पाण्याने धुऊन, उलटा करून, कमरेतून दुमडून जाड हँगरवर सावलीत वाळवा. रेडिएटरवर नको.

धागाकर्ती:

बुडबुड्यांचं लक्षात ठेवते. ४:४ बद्दल आत्ताच दुकानाला फोन केला, माझ्या मापाच्या जवळचे दोन आहेत म्हणाले आणि शनिवारपर्यंत बाजूला काढून ठेवतायत. कुठला बसला ते मापांसकट इथेच लिहीन, माझ्यासारख्या बुटक्या बायकांना उपयोग होईल. आणि रेडिंग, स्लाव, मेडनहेडकडचं कुणी मे मधे शनिवारी सकाळी लेकवर येणार असेल तर कृपया इथे सांगा, पहिल्या एक-दोन वेळा मला सोबत हवी आहे.