मदत हवी आहे: सिम्युलेशनमधील ‘शून्य’ तारानिर्मिती निरीक्षणांशी कशी ताडून पाहावी?

सर्व अभ्यासकांना नमस्कार.

मी रत्नागिरीत पदव्युत्तर वर्गांना भौतिकशास्त्र शिकवतो. माझी एक विद्यार्थिनी प्रकल्पासाठी इलस्ट्रिस-टीएनजी (दीर्घिकांची घडण संगणकावर उभी करणारे प्रकल्प) गटातील टीएनजी100 या सिम्युलेशनमधील आजच्या काळातील दीर्घिकांचा तारानिर्मिती-दर (वर्षाला किती सूर्यांच्या वस्तुमानाइतके तारे घडतात) स्लोन या आकाश-सर्वेक्षणात प्रत्यक्ष निरीक्षलेल्या दीर्घिकांशी ताडून पाहत आहे. पावसाळ्यात इथे वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा नसल्यामुळे आम्ही अवाढव्य स्नॅपशॉट (सिम्युलेशनमधील एका क्षणाची संपूर्ण माहिती) न उतरवता केवळ कॅटलॉगवर (दीर्घिकांच्या गुणधर्मांच्या तयार यादीवर) काम करतो.

तारे जोमाने घडवणाऱ्या दीर्घिकांबद्दल तक्रार नाही. अडचण आहे ती मोठ्या, शांत दीर्घिकांची: सिम्युलेशनमध्ये त्यांपैकी अनेकींचा दर नेमका शून्य येतो, आणि शून्याचा लॉगरिदम घेता येत नाही. याउलट स्लोनच्या कॅटलॉगमध्ये अशा दीर्घिकांनाही लहानसा का होईना, दर दिलेला असतो. मात्र जिथे हायड्रोजन-आल्फा रेषा (तरुण ताऱ्यांमुळे उजळलेल्या हायड्रोजनची वर्णपटातील रेषा) क्षीण असते, तिथे तो वर्णपटातील 4000 अँगस्ट्रॉम तरंगलांबीजवळच्या खंडावरून (प्रकाशाच्या तीव्रतेतील अचानक पायरीवरून) काढलेला अंदाज असतो, आणि तो खंड कितीतरी जुन्या ताऱ्यांचीही साक्ष देतो.

हायड्रोजन-आल्फा रेषा साधारण गेल्या 1 कोटी वर्षांतील तारानिर्मिती दाखवते, म्हणून सिम्युलेशनमध्येही तेवढ्याच काळाची सरासरी घ्यावी, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु टीएनजी100 मध्ये ताऱ्यांचा एक कण (अनेक ताऱ्यांचा मिळून धरलेला एक घटक) सुमारे 14 लाख सौर वस्तुमानांचा असल्याने, त्या काळात एकच कण जन्मला तरी दर एकदम वर्षाला 0.14 सौर वस्तुमान होतो आणि त्याखाली थेट शून्यच उरते. 10 कोटी वर्षांची सरासरी घेतल्यास ही पायरी 0.014 वर येते, पण मग रेषेशी असलेला कालावधीचा मेळ सुटतो. वायूच्या घनतेवरून मिळणारा तात्कालिक दर याहून बारीक असतो; तरीही ताऱ्यांच्या प्रकाशावरून काढलेल्या दराशी त्याची तुलना कितपत न्याय्य आहे, याविषयी मला शंका वाटते.

भर म्हणजे स्लोनच्या 3 आर्कसेकंद व्यासाच्या (दुर्बिणीतून वर्णपटमापकाकडे प्रकाश नेणाऱ्या) तंतूत 10 कोटी पार्सेक अंतरावरील दीर्घिकेचा जेमतेम 1.5 किलोपार्सेक रुंदीचा गाभाच येतो. उरलेल्या भागाचा दर रंगांवरून अंदाजला जातो.

या शून्यांना ‘अमुक मर्यादेहून कमी’ असे मानून दोन्हीकडे एकच मर्यादा लावावी आणि केवळ शांत दीर्घिकांचे प्रमाण ताडून पाहावे, असा माझा कल आहे. ही मर्यादा दरावर ठेवावी की दर भागिले ताऱ्यांचे वस्तुमान या गुणोत्तरावर? ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कोणता कालावधी निवडला आणि का, हे कृपया सविस्तर सांगावे.