मदत हवी आहे: फीडरमधून स्कॅन केलं की उभी काळी रेघ येते

ऑल-इन-वन प्रिंटरच्या वरच्या फीडरमधून कागद घातला की कॉपी आणि स्कॅन, दोन्हींवर डाव्या कडेपासून साधारण 4 सेंमीवर केसाएवढी काळी रेघ येते, पार वरपासून खालपर्यंत. तोच कागद मोठ्या काचेवर ठेवला तर स्कॅन एकदम स्वच्छ. संगणकावरून दिलेली प्रिंटही ठीक, म्हणजे शाईचा किंवा हेडचा प्रश्न नाही.

फीडरमध्ये सेन्सर जागेवर थांबतो आणि कागद सरकतो. त्यामुळे मोठ्या काचेशेजारच्या अरुंद काचपट्टीवर व्हाइटनरचा कण जरी चिकटला, तरी त्याची लांब रेघ होते. म्हणून प्रिंटर बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या मायक्रोफायबर कापडाने ती पट्टी दोनदा पुसली, वरची पांढरी दाबपट्टीही पुसली. नख फिरवून पाहिलं, काही लागत नाही. टॉर्च तिरपा धरला की मात्र त्याच जागी ठिपका दिसतो, बहुधा काचेच्या खालच्या बाजूला.

ही पट्टी दुहेरी टेपवर बसवलेली असते की क्लिपवर? स्कॅनरचं वरचं झाकण न उघडता ती काढता येते का? सेन्सरची फ्लॅट केबल फार नाजूक असते, म्हणून स्क्रू सोडवण्याआधी विचारतो आहे. हे काम कुणी केलं असेल तर क्रम सांगा.