जांभ्याच्या भिंतींना सिमेंट नको

ओल येते म्हणून जुना गिलावा खरवडून सिमेंटचा करून घ्या, हा सल्ला जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी, मातीत किंवा चुन्यात रचलेल्या कोकणातल्या घराला अजिबात देऊ नका. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात शोषलेली ओल तो पुढे चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर टाकतो. सिमेंटने ती वाट बुजली की पाणी भिंतीतच वर चढतं. आत्याच्या घरी माजघराची भिंत आधी गुडघ्यापर्यंत ओली असायची, सिमेंटनंतर ओल कमरेपर्यंत आली, ठोकलं की पोकळ आवाज, कडेला पांढरं मीठ फुललेलं.

आधी पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब न्या, मग भिंत नीट वाळू द्या आणि चुन्याचाच गिलावा करा. वर प्लास्टिक पेंटही नको, चुन्याची सफेदीच द्या. चुन्यात हात बसलेला गवंडी मात्र आत्ताच शोधायला लागा, असे कारागीर फार थोडे उरलेत.