कंपन्या राज्य कशावर निवडतात? फक्त सवलतींवर?

सानिका_टीवाय:
नमस्कार. तळेगावला येणार म्हणून गाजलेला वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर (चिप) प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातला गेला, तेव्हापासून आमच्या घरी वाद चालू आहे. बाबा म्हणतात सवलती कमी पडल्या, मामा म्हणतो सगळं राजकारण. ज्यांनी स्वतः कारखाना टाकलाय त्यांनी सांगा ना. कॉलेजच्या प्रोजेक्टला हवंय.

फौंड्रीवाला_शिरोली:
तो प्रकल्प बाजूला ठेव. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉननंच अंग काढून घेतलं.

माझं कोल्हापूरजवळ शिरोलीत छोटं युनिट आहे, पंपाची कास्टिंग (लोखंड वितळवून ओतलेले भाग) करतो. इंडक्शन फर्नेसमध्ये, म्हणजे विजेवरच्या भट्टीत, एक टन लोखंड वितळवायला सहाशेच्या आसपास युनिट वीज जाते. दरात रुपयाचा फरक म्हणजे किलोला साठ पैसे. खरेदीवाला तेवढ्यावर ऑर्डर फिरवतो. शेतीपंपाला स्वस्त वीज द्यायची तर तो भार कुणाच्या तरी बिलात बसणार, तो आमच्या बसतो. (घरचा ऊसही आहे, त्यामुळं शिव्या कुणाला घालू?) कर्नाटकात जातो म्हणून आमच्या संघटनांनी कैकदा इशारे दिले. मीही निपाणीकडं जागा बघून आलो.

गेलो नाही. पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) मोडला तर इथं कोल्हापूरच्या उद्यमनगरात संध्याकाळपर्यंत दुरुस्त होऊन मिळतो. साचे करणारे मोल्डर, ओतीव भाग घासून साफ करणारे फेटलिंगवाले, स्क्रॅपवाले, सगळे हाकेच्या अंतरावर. ही माणसं पलीकडं कोण नेणार?

आता उलटं उदाहरण. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली जागा सोडावी लागली. औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कारखान्यासाठी कुंडल रोड स्टेशनजवळचा (आताची किर्लोस्करवाडी) माळ दिला, वर बिनव्याजी कर्ज. निवडुंग आणि नागांचा माळ तो, १९१० साल. कारागीर नाहीत, बाजार नाही. पण रेल्वे होती आणि निर्णय घेणारा माणूस समोर बसून बोलत होता. २००८ मध्ये टाटांची नॅनो गाडी बंगालमधलं सिंगूर सोडून गुजरातेत साणंदला गेली तेव्हाही तेच. सरकारच्या ताब्यातली ११०० एकर जमीन तयार होती. सातबारा, हरकती, मोजणी ही वर्षं वाचली की मोठ्या कंपनीला वीजदर दुय्यम.

चाकण_व्हेंडर:
दादांशी बराचसा सहमत, पण सवलतींना इतकं हलकं लेखू नका. मेगा प्रकल्पाला राज्य जीएसटीचा परतावा मिळतो, तो आकडा मोठा असतो. आमच्यासारख्या सप्लायरला त्यातलं काही दिसत नाही हा भाग वेगळा.
आपल्याकडं तालुक्यांची अ ते ड+ अशी वर्गवारी आहे. जितका मागास, तितकी सवलत जास्त. तरी गर्दी पुण्याभोवतीच. फोक्सवॅगन २००९ मध्ये चाकणला आली तेव्हा बजाज आधीच इथं होती, सुटे भाग करणारेही. आता तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये माझा टेम्पो रोज अडकतो, पण इथून हलायचा विचार कुणी करत नाही.

सानिका_टीवाय:
म्हणजे छोट्यांचं गणित वेगळं आणि मोठ्यांचं वेगळं? दादा, दोन राज्यांच्या वीजदराची तुलना कुठून करू?

फौंड्रीवाला_शिरोली:
दोन्हीकडच्या वीज नियामक आयोगांचे दरपत्रक जाहीर असतात. नुसता युनिटचा दर बघू नकोस. डिमांड चार्जेसची (मागणी नोंदवलेल्या भाराचा आकार) ओळ वेगळी काढ, भट्टी बंद असली तरी ते भरावे लागतात. माझं एक जुनं बिल मेसेजमध्ये पाठवतो, नाव खोडून.