हायपो आणि हायपर

‘हायपो’ आणि ‘हायपर’ यांत फरक काय, असं विचारलंय म्हणून लिहितो. दोन्ही इंग्रजी शब्दांच्या सुरुवातीला लागतात आणि ग्रीकमधून आलेत. हायपो म्हणजे खाली, कमी. हायपर म्हणजे वर, जास्त. कोल्हापुरात राजारामपुरीत माझं औषधांचं दुकान आहे. गेल्या महिन्यात कागलच्या एक आज्जी आल्या. म्हणाल्या, "मला हायपर थायरॉईड हाय, नातवानं सांगितलंय." चिठ्ठी बघितली तर हायपोथायरॉईड, गोळी थायरॉक्सिनची. म्हणजे ग्रंथी कमी काम करतेय, अगदी उलट! तेव्हापासून मी ‘पो’ आणि ‘पर’ ठासून म्हणतो आणि पाकिटावर पेनानं ‘कमी’ किंवा ‘जास्त’ लिहून देतो.

उच्चाराचं मात्र एवढं सरळ नाही. हायपॉथिसिसमध्ये, म्हणजे गृहीतकात, जोर ‘पॉ’वर. काटकोन त्रिकोणातल्या कर्णाला हायपॉटिन्यूज, शब्दशः काटकोनाच्या खाली ताणलेली रेघ. पण ढोंगी माणूस ‘हिपक्रिट’, तिथं ‘हाय’ नाहीच. मूळ ग्रीक शब्द नाटकातल्या नटासाठी होता, हे मला फार आवडतं. आणि अतिशयोक्तीला ‘हायपर्बली’ म्हणा, ‘हायपरबोल’ नको.